अंगठा आणि ‘आय ॲग्री’



बँकेत अंगठा उठवणारा खातेदार आला की फॉर्म त्याला वाचून दाखवायचा, साक्षीदार घ्यायचा, मगच अंगठा. आज आपल्या वर्तकनगरात पदवीधर माणूससुद्धा मोबाइलवर न वाचताच ‘आय ॲग्री’ दाबतो. वाचणार तरी काय? पानंच्या पानं, तीही वकिली इंग्रजीत.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे आपल्या कामाचा आहे. माहिती कशासाठी हवी ते कंपनीने आधी सांगायचं, आणि आपण म्हटलं तर मराठीतही. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांची सोय त्यात आहे. दिलेली संमती मागेही घेता येते. कायद्यातलंच उदाहरण सांगतो. डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी नंबरांपुरती ती संमती धरायची नाही. सल्ल्याला नंबर लागतातच कशाला? मला हे फार आवडलं. अंमलबजावणी मात्र टप्प्याटप्प्याने आहे.

आता आपल्या गेटवर ॲप आणायचं चाललंय. कामाच्या मावशींचा, कुरिअरवाल्याचा, आपल्या पाहुण्यांचा फोटो आणि नंबर त्यात जाणार. कमिटीला विनंती, सही करण्याआधी अटी मराठीत मागवा, आणि ते फोटो किती दिवस ठेवणार हे कंपनीकडून लिहून घ्या.