बांध मोजला म्हणजे जमीन मोजली असं नाही

(वनहक्क समित्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)

साथींनो,

दाव्याच्या अर्जात किती जमीन ताब्यात आहे, हे लिहावं लागतं. तिथं आपण अंदाजानं आकडा टाकतो, आणि पट्टा कमी जमिनीचा आला की कपाळाला हात लावतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसतो ती जमीन, 4 हेक्टरपर्यंत, कायद्यानं आपली आहे. पण ती किती, हे आधी आपल्याला ठाऊक पाहिजे.

चौफेर दोरी फिरवून जमीन कळत नाही. 100 फूट बाय 100 फुटांचा प्लॉट घ्या. चौफेर 400 फूट, जमीन 10,000 चौरस फूट. आता 150 बाय 50 चा घ्या. चौफेर तेच 400, पण जमीन 7,500. बांध तेवढाच, जमीन कमी!

मग मोजायचं कसं? 33 फुटांची दोरी घ्या. एक दोरी लांब, एक दोरी रुंद, एवढ्या चौकोनाला एक गुंठा म्हणतात. असे 40 गुंठे म्हणजे एकर.

आपले प्लॉट वाकडेतिकडे. म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी ताणा. प्लॉटचे दोन त्रिकोण होतात. ती मधली लांबी समजा 10 दोऱ्या. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून मधल्या दोरीपर्यंतचं सगळ्यांत जवळचं अंतर मोजा. समजा एकीकडे 4 दोऱ्या, दुसरीकडे 3. आता 10 गुणिले 4, त्याचे निम्मे, 20 गुंठे. 10 गुणिले 3, त्याचे निम्मे, 15 गुंठे. एकूण 35. चारपेक्षा जास्त कोपरे असतील तर आणखी त्रिकोण पाडा. हिशोब तोच.

वरकस जमिनीवर एक गोष्ट सांभाळा. उतारावर दोरी जमिनीला टेकवली तर माप जास्त भरतं. चढावर 5 पावलं चाललो आणि त्यात 3 पावलांची उंची चढलो, तर नकाशात 4 पावलंच धरतात. सरकारी मोजणी सपाट मापाची असते. म्हणून आपणही दोरी आडवी, सरळ धरायची, तुकड्या-तुकड्यानं उतरायचं. नाहीतर आपणच आकडा फुगवला, असं म्हणायला साहेबांना जागा मिळते.

कागदावर हेक्टर-आर असतं. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. 35 गुंठे म्हणजे 0.35 हेक्टर. तिथं 0.035 लिहिलं असेल तर साडेतीनच गुंठे झाले! सही-अंगठा करण्याआधी टिंबानंतरचे आकडे मोजा.

मोजताना समिती, शेजारचे कसणारे आणि घरातल्या बायाही हजर पाहिजेत. आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा, वहीत उतरवा. जमीन कमी धरली तर लेखी कारण मागा. 60 दिवसांत अपील करता येतं, तेव्हा हीच वही कामी येईल.

पिढ्यान्‌पिढ्या जमीन आपण कसली. आता मोजूही आपणच.

जिंदाबाद!