रस्त्याकडेचा वृक्ष : सावली आणि जबाबदारी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी वनस्पतिशास्त्र जेवढे वर्गात शिकविले, तेवढेच रस्त्याने चालता चालता शिकविले. म्हणून मी आज रस्त्यावरच्या वृक्षांविषयीच बोलणार आहे.

आपले बडोदे हे वडाचे गाव. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात त्याचे नाव 'वडपद्रक' असे येते. अशा गावातही झाड उन्मळून पडले, की तोडून टाकण्याची मागणी होते आणि तोडले, की निषेध होतो. वृक्ष मित्र की धोका? माझ्या मते तो दोन्ही आहे. मात्र त्याच्या धोक्याचा बराचसा भाग आपण निर्माण केलेला असतो.

लाभ उघड आहेत. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो तेव्हा पर्णसंभार ऊन अडवितो आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने भोवतालची हवा निववितो. पावसाचे पाणी पानांवर व फांद्यांवर काही काळ रेंगाळते आणि धूळ पानांवर बसते. भाजीवाल्या बाईला, रिक्षावाल्याला आणि शाळेबाहेर मुलाची वाट पाहणाऱ्या आजोबांना याखेरीज दुसरे छत नसते.

आता धोक्याकडे वळू. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पर्णछत्राच्या पलीकडे दूरवर पसरतात. गटार, गॅस वा केबल यांसाठी बुंध्यालगत चर खणला, की आधाराची मुळे तुटतात. झाड काही काळ हिरवेच दिसते. पुढे माती भिजून सैल झालेली असताना वारा सुटला, की ते कोसळते. आपण वाऱ्याला दोष देतो, खणणाऱ्याला विसरतो. बुंध्यापर्यंत फरशी वा काँक्रीट केल्याने मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

छाटणीचेही तसेच. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती जणू भिंत उभारून तो अलग पाडते. डांबर फासल्याने कूज थांबत नाही. शेंडा सरसकट उडविला, तर तेथून फुटणारे धुमारे जोमाने वाढतात, पण त्यांची पकड कच्ची असते. मोठी फांदी उतरविताना प्रथम बुंध्यापासून थोडे दूर खालून छेद घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापावे आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. कड्याला करवत लागू नये.

झाडाची निवडही महत्त्वाची. मादागास्करहून आलेला गुलमोहर बागेत शोभतो; त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असल्याने अरुंद पदपथावर तो योग्य नव्हे. झटपट हिरवळीसाठी लावलेल्या कोनोकार्पसची लागवड गुजरातच्या वन विभागाला २०२३ मध्ये थांबवावी लागली.

ढोली दिसली म्हणजे झाड तोडलेच पाहिजे, असेही नाही. पोकळ बांबू जसा भार पेलतो, तसे बाहेरचे लाकूड पुरेसे जाड व निरोगी असेल तर झाडही उभे राहते. प्रश्न तीन विचारावेत : ते मोडण्याचा संभव किती? खाली कोण असते? आणि मोडल्यास हानी किती? वृक्षांची काळजीपूर्वक निगा राखणाऱ्या सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातही ११ फेब्रुवारी २०१७ रोजी सुमारे २७० वर्षांचा टेंबुसू कोसळला आणि एका महिलेचा मृत्यू झाला. धोका शून्य करता येत नाही. कमी मात्र करता येतो.

आपल्या शाळेच्या फाटकासमोरचा कडुनिंब तोडावा, असा अर्ज काही पालकांनी केल्याचे मला समजले. त्यांची काळजी रास्त आहे. लेकरांच्या जिवापुढे वृक्षप्रेमाची भाषा करू नये. परंतु भीती हा पुरावा नव्हे. जाणकाराकडून बुंधा व मुळे तपासून घ्यावीत, वाळक्या फांद्या उतरवाव्यात आणि तोवर रिक्षांची रांग दुसऱ्या बाजूला न्यावी. मुळे कुजलेली आढळली, तर विनाविलंब झाड काढावे आणि त्याच ऋतूत योग्य रोप लावावे. ती निरोगी असतील, तर अर्ज मागे घ्यावा.

१९५० पासून आपण वनमहोत्सव साजरा करतो. रोप लावण्याचा सोहळा होतो. विसाव्या वर्षी त्याची तपासणी करणारा कोणी नसतो. विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. शाळेभोवतीच्या प्रत्येक झाडाची एक वही ठेवा. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याचा घेर, नवी भेग, वाढलेला कल, मुळाशी उगवलेली अळंबी, जवळ खणलेला चर हे सारे तारखेसह लिहा आणि ती वही दरवर्षी पुढच्या इयत्तेच्या हाती द्या. तोडायचे की राखायचे, हा वाद पुन्हा उभा राहील तेव्हा निदान या शाळेपाशी नोंदी असतील.