निर्मळ दिसणारे पाणी



जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने पाण्याच्या रसायनावर बोलावे, हे विपरीत वाटेल. परंतु या विषयाकडे मला एका शब्दाच्या उणिवेने नेले. बीदर भागात भाच्याच्या गावी विहिरीचा तळ स्वच्छ दिसत होता. मी पोहरा उचलला, तोच तो म्हणाला, "मामा, हे पाणी आम्ही जनावरांनाही दाखवीत नाही." गढूळ, मचूळ, खारट हे शब्द आपल्यापाशी आहेत, नितळ असूनही दूषित असलेल्या पाण्याला मात्र शब्द नाही.

बहमनी काळात, पंधराव्या शतकात, नौबादचे कारेझ खोदले गेले. भुयारातून आलेले ते पाणी धूळ आणि ऊन यांपासून सुरक्षित होते. आजचा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. आपली मांजरा पुढे तेलंगणात जाते. तिथे पाटणचेरूचा नक्कावागू तिला मिळतो. पाटणचेरूच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली स्वीडिश संशोधकांनी प्रसिद्ध केले. रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. असे औषध प्रवाहात विरळ होत अत्यल्प प्रमाणात उरते; पण उरते.

त्यावर एक उपाय ओझोनचा. शोनबाइन यांनी १८४० च्या सुमारास या वायूला ग्रीक भाषेतील 'वास येणे' या क्रियापदावरून नाव दिले. ओझोन अनेक सेंद्रिय रेणू फोडतो. काही मात्र त्याला दाद देत नाहीत. तेथे मँगनीज वा लोह यांच्या ऑक्साइडासारखा उत्प्रेरक साहाय्यास येतो. त्याच्या पृष्ठभागावर ओझोनपासून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात आणि ती चिवट रेणूंवरही तुटून पडतात. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना अशी सूक्ष्म प्रदूषके ८० टक्के दूर करणे बंधनकारक आहे. त्यासाठी तेथे ओझोन किंवा सक्रिय कोळसा वापरतात.

तथापि हा रामबाण नव्हे. पाण्यात ब्रोमाइड असेल तर घातक ब्रोमेट तयार होते. फुटलेल्या रेणूंचे तुकडे उरतात, म्हणून पुढे वाळूची जैविक गाळणी लागते. शिवाय मैल्याने भरलेल्या पाण्यात ओझोन त्या मैल्यावरच खर्ची पडतो. म्हणून पहिले कर्तव्य उगमापाशीच. ओझोन ही शेवटची राखण.

विद्यार्थी मित्रहो, पाणी कसे दिसते एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात काय आहे आणि किती आहे, हे विचारा. शब्द नसला, तरी प्रश्न विचारता येतो.