यंत्राचे दुभाषे : संगणकीय भाषांचा इतिहास आणि पुणे

ग्रामपंचायतीच्या करमागणीच्या नोंदवहीत लिपिक मागील थकबाकी आणि चालू मागणी यांची बेरीज करून एकूण रक्कम मांडतो. हेच काम संगणकाकडून करून घ्यावयाचे झाल्यास अडचण बेरजेची नसते, ती सांगण्याची असते. संगणकाला मराठी समजत नाही, तशी इंग्रजीही समजत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतलेली बरी. त्याला कळतात ते शून्य आणि एक या दोन अंकांत बसविलेले संकेत. १९५० च्या सुमारास आज्ञावली लिहिणाऱ्यास हे संकेत किंवा त्यांची संक्षिप्त रूपे हाताने मांडावी लागत, आणि यंत्र बदलले की बहुतेक लिखाण वाया जाई.

या जाचातून सोडविले ते दुभाष्यांनी. माणसाला सोयीच्या शब्दांत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या संकेतांत उतरविणारी दुसरी आज्ञावली, म्हणजेच कंपायलर, हा तो दुभाष्या होय. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत १९५७ साली फोर्ट्रान सिद्ध केली आणि गणिती सूत्रे जवळजवळ वहीतल्याप्रमाणे लिहिता येऊ लागली. हिशेबाच्या कामांसाठी १९५९-६० मध्ये कोबॉल आली. 'थकबाकीत चालू मागणी मिळवा आणि उत्तर एकूण या नावाने ठेवा' अशा थाटाची तिची इंग्रजी वाक्ये. जुनाट म्हणून तिची पुष्कळ थट्टा झाली. तरी अनेक मोठ्या बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात.

१९६० च्या अल्गोल भाषेचे व्याकरण काटेकोर सूत्रांत मांडले गेले. त्या सूत्रपद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे, असे पीटर इंगरमन यांनी १९६७ साली सुचविले. संस्कृत अध्ययनाची परंपरा असलेल्या पुण्यात याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यावरून संस्कृत हीच संगणकाची सर्वांत योग्य भाषा, असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही. साम्य आहे ते नियम मांडण्याच्या रीतीत.

यापुढची हकीकत पुण्याला अधिक जवळची आहे. निक्लाउस विर्थ यांनी झुरिच येथे १९७० साली, मुख्यतः अध्यापनासाठी, पास्कल ही भाषा प्रसिद्ध केली. भाषा सुटसुटीत होती. परंतु प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी नवा दुभाष्या घडविणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम, आणि ते लहान विद्यापीठांना झेपणारे नव्हते. झुरिचमधील ज्या गटाने यावर तोड काढली, त्यात केशव नोरी हे भारतीय संगणकतज्ज्ञ होते. पास्कलचे भाषांतर कोणत्याही खऱ्या यंत्राच्या संकेतांत न करता एका कल्पित, साध्या यंत्राच्या संकेतांत करावयाचे, ही ती तोड. मग ज्याच्या त्याच्या यंत्रावर त्या मोजक्या संकेतांचा अर्थ लावणारी छोटी आज्ञावली लिहिली की काम भागले. या युक्तीमुळे पास्कल देशोदेशींच्या लहान यंत्रांवर पोहोचली. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेच्या मुळाशीही कल्पित यंत्राचीच कल्पना आहे.

नोरी यांनी पुढे पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात काम केले. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने हे केंद्र स्थापिले आणि ते हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत वाढले. आज्ञावली वाचून तपासणारी आणि आराखड्यावरून नवी आज्ञावली तयार करून देणारी साधने घडविणे, हा तेथील कामाचा एक मुख्य भाग राहिला. परकीयांच्या भाषांत केवळ आज्ञावली लिहून देणे निराळे आणि त्या भाषांचे दुभाषे घडविणे निराळे. दुसऱ्या कामाचा गाजावाजा कमी होतो, पण त्याला लागणारे ज्ञान अधिक खोल असते.

पुण्यातच १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकचे कार्य सुरू झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात वापरलेल्या ट्रान्सप्युटर या ब्रिटिश प्रक्रियकांसाठी ऑकम नावाची स्वतंत्र भाषा होती. अनेक कामे एकाच वेळी कशी चालवावीत हे तिच्यात सांगता येई. परंतु शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची आज्ञावली फोर्ट्रानमध्ये होती आणि ती एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची होती. ती टाकून द्या, असे कोणाला सांगणार? जुने लिखाण नव्या यंत्राजोगे करण्याची साधने पुरविणे हे यंत्र उभारण्याइतकेच आवश्यक होते.

याच संस्थेने आयआयटी कानपूर येथे आकाराला आलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे वाढविले, आणि भारतीय लिप्यांसाठीचे सामाईक संकेतमानक १९९१ साली प्रमाणित झाले. त्यामुळे संगणकात मराठी मजकूर साठविता येऊ लागला. आज्ञा मात्र इंग्रजीतच राहिल्या. वस्तुतः हा अडसर दिसतो तेवढा मोठा नाही. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२. खेड्यातील विद्यार्थी ते आठवड्यात पाठ करील. त्याला अडते ते पुस्तकातील स्पष्टीकरणापाशी आणि चूक झाल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या सूचनेपाशी.

पायथॉन भाषेच्या २००८ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत राशींना देवनागरी नावे देता येतात. 'एकूण = थकबाकी + चालू' अशी ओळ लिहिली, आधी त्या दोन राशींना किमती दिल्या, की नोंदवहीतील ती बेरीज यंत्र बिनतक्रार करून देते. 'थकबाकी' हा शब्द एके ठिकाणी ऱ्हस्व 'कि'ने लिहिला गेला, तर हे नाव ठाऊक नाही अशी सूचना येते. ती सूचना इंग्रजीत असते, आणि तिचा अर्थ अजून शिक्षकालाच फळ्यावर मराठीत लिहून द्यावा लागतो.