वकिलीची उमेदवारी
(महोत्सवाच्या सभेंत कायद्याच्या एका विद्यार्थ्यानें केलेलें भाषण)



धर्मोपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं. ज्या विद्येची मी उमेदवारी करीत आहें, तिच्याविषयींच चार शब्द बोलतों.

पदवी हातीं आली म्हणजे मुलगा वकील झाला, असा आपल्या लोकांचा समज आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणें सनद घ्यावी लागते, आणि २०१० पासून बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षाही द्यावी लागते. एवढें साधलें तरी दावा लिहितां येतोच असें नाहीं. म्हणून बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनीं त्रैवार्षिक अभ्यासक्रमास निदान १२ आठवडे व पंचवार्षिकास २० आठवडे प्रत्यक्ष कामाची सक्ती केली आहे. बारा आठवडे! सुताराच्या मुलास रंधा धरावयास याहून अधिक दिवस लागतात.

ज्याच्या घरांत वकिली आहे त्याचें अडत नाहीं. वाडींतल्या शेतकऱ्याच्या किंवा कोळीवाड्यांतल्या नाखव्याच्या मुलानें मात्र कोणाचें दार ठोठवावें?

मला एका ज्येष्ठ वकिलांच्या कचेरींत जागा मिळाली. पहिला आठवडाभर त्यांनीं मला एक अर्जही लिहूं दिला नाहीं. जुन्या दाव्याचें बाड पुढें ठेवून प्रत्येक कागदाची तारीखवार यादी करावयास सांगितलें. कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत असते हें पुस्तकांत वाचलें होतें. पण ती कोणत्या दिवसापासून मोजावी, आणि ऋणकोनें मुदतींत लेखी कबुली दिली असल्यास ती पुन्हां कशी सुरू होते, हें त्या पिवळ्या पावत्यांनीं शिकविलें. पुढें वादपत्र लिहावयास दिलें. वादपत्रांत हकीकत सांगावी, पुरावा नव्हे, हा नियम त्यांच्या लाल शाईनें माझ्या डोक्यांत कायमचा बसविला.

दुसरी शाळा महाविद्यालयाच्या विधि-साहाय्य केंद्राची. एक विधवा बाई पिशवीभर कागद घेऊन आल्या. दिरावर दावा लावावा असा त्यांचा हेतु होता. कागद वाचतां दिसलें कीं पतीच्या मृत्यूनंतर वारसांची नोंदच झाली नव्हती. प्रथम अर्ज महसूल कचेरींत करावयाचा होता. (फेरफाराच्या नोंदीनें मालकी ठरत नाहीं, हेंही त्यांस समजावून सांगावें लागलें.) १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांस, मग त्यांचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागतां येतो. आपल्या किती भगिनींस हें ठाऊक आहे?

वकिलांचे आश्रयदाते संत इव्हो यांनीं पॅरिस व ऑर्लिआं येथें कायद्याचा अभ्यास केला, बिशपांच्या न्यायालयांत न्यायाधीशाचें काम केलें आणि गरिबांचीं प्रकरणें स्वतः चालविलीं. ते १३०३ मध्यें वारले. १३४७ मध्यें त्यांस संतपद मिळालें. आणि आपल्याच मुंबईचे बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, ज्यांना लोक प्रेमानें काका म्हणत, ते १९२५ मध्यें शहराचे महापौर झाले, तरी कामगारांची बाजू त्यांनीं सोडली नाहीं.

आतां पोटाची गोष्ट. नव्या वकिलाचीं पहिलीं वर्षें फार कोरडीं जातात. सनदेची फी ७५० रुपयांहून अधिक घेतां येणार नाहीं, अनुसूचित जातीजमातींकरितां १२५, असा निर्णय २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला, हा मोठाच दिलासा. त्याच वर्षीं बार कौन्सिलनें नवोदितांस शहरांत २०,००० व ग्रामीण भागांत १५,००० रुपये मासिक वेतन द्यावें असें सुचविलें. पण ती शिफारस आहे, हुकूम नव्हे. शिफारशीवर भाडें भागत नाहीं.

म्हणून माझी विनंती अशी कीं, धर्मग्रामांतील वकील मंडळींनीं आपलीं नांवें फादरांकडे द्यावीं, व सुटीच्या आठवड्यांत एकेका विद्यार्थ्यास कचेरींत बसूं द्यावें. प्रवासखर्च व दुपारचें जेवण मिळालें तरी पुष्कळ. त्या मोबदल्यांत आम्ही विद्यार्थी महिन्याच्या पहिल्या रविवारीं मिस्सानंतर सभागृहांत बसूं, व एका वकिलांच्या देखरेखीखालीं लोकांचे कागद वाचून देऊं. सल्ला वकील देतील; यादी आम्ही करूं. येणारांनीं मूळ कागद घरीं ठेवून नकला आणाव्या.