भुकेल्या मुलांना पथ्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पथ्य हा शब्द आजाऱ्यासाठी आहे. मुलाचे पोट सारखे बिघडते, अंगावर गांधी उठतात आणि कारण सापडत नाही. तेव्हा डॉक्टर दूध, गहू, अंडे यांपैकी संशयित पदार्थ काही आठवडे बंद करतात आणि पुढे आपल्या देखरेखीखाली तोच पदार्थ थोडाथोडा देऊन पाहतात. त्रास झाला नाही, तर पदार्थ पुन्हा ताटात येतो. हे वगळणे मुदतीचे असते, आणि जे वगळले त्यातले पोषण दुसऱ्या कशातून तरी भरून काढणे ही वगळणाऱ्याची जबाबदारी असते. सीलिॲक विकार असलेल्या मुलाला गहू जन्मभर सोडावा लागतो. पण त्यालाही ज्वारी, बाजरी, नाचणी सांगितली जाते. सुखवस्तू घरांत अलीकडे वैद्यकीय सल्ल्यावाचूनच मुलांचे गहू-दूध बंद करण्याची हौस वाढली आहे. वाढत्या वयात ती घातकच. परंतु त्या घरांत निदान पर्यायापुरता पैसा असतो.

ज्या मुलांना कसलाही विकार नाही आणि घरी पर्यायही नाही, त्यांना पथ्यावर ठेवण्याचा अधिकार कोणाला?

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हे आजचे प्रमाण आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये या आहारात आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्यांसाठी केळे असा निर्णय घेतला. आठवड्याला एक! तेवढ्यावरही काहूर उठले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत, असे सांगितले. वाचलेली रक्कम वर्षाला सुमारे ५० कोटींची. लोकसहभाग हा शब्द मोठा देखणा आहे. परंतु ज्या पाड्यावरचे आईबाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले आहेत, तेथे सहभागी होणारे लोक कोण, हे त्या कागदावर लिहिलेले नाही.

अंड्याचाच आग्रह का, असे विचारले जाते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ न आढळणारे ब-१२ जीवनसत्त्व असते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच ते नऊ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के रक्तक्षयाने आणि १७ टक्के ब-१२ च्या कमतरतेने ग्रस्त आढळली. शिवाय अंड्याचा एक गुण कोणत्याही आहारतक्त्यात येत नाही. दुधात पाणी घालता येते, वरण पातळ करता येते. उकडलेल्या अंड्यात वाढपी काहीही मिसळू शकत नाही. ते ताटात असते किंवा नसते, आणि पहिलीतल्या पोरालाही ते मोजता येते.

शाकाहारी कुटुंबांच्या भावनांचा प्रश्न खोटा नाही. त्यांच्या मुलांवर अंड्याची सक्ती होता कामा नये. पण त्या मुलांवर खरा अन्याय केळ्याने केला आहे! केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिने. त्यांच्या हक्काचे दूध, शेंगदाण्याची चिक्की, मटकीची उसळ मागायला अंड्याच्या विरोधकांपैकी किती जण पुढे आले? एका घरचे पथ्य त्या घराने पाळावे. ते शेजारच्या मुलाच्या ताटावर लादले, की त्यात धर्म उरत नाही, जातीचा वरचष्मा तेवढा उरतो. मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी फेटाळला, त्यात कुपोषित आदिवासी मुलांचे मत कोणी विचारले नव्हते.

याउलट तमिळनाडूत १९८९ पासून शाळेत अंडे मिळते; आरंभी पंधरवड्यातून एकदा, आता शाळेच्या पाचही दिवशी. कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये काही मठाधिपतींनी विरोध केला, तेव्हा अंडी हवीत असे शाळकरी मुलींनीच जाहीरपणे सांगितले. २०२४ मध्ये तेथे अंडी आठवड्याचे सहा दिवस झाली आणि न खाणाऱ्यांना केळे वा चिक्की मिळू लागली. वाढीव दिवसांचा भार मात्र एका खाजगी प्रतिष्ठानाने उचलला. मुलाच्या हक्काचे अन्न दात्याच्या मर्जीवर राहावे, ही समाधानाची गोष्ट नव्हे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक गावांत या समितीची बैठक म्हणजे हजेरीवहीवरच्या सह्या. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील त्या आयांना गाठावे, आणि शाळेत अंडे कधी आले, कधी बंद झाले, त्याऐवजी मुलांना काय मिळाले, हे प्रश्न त्यांच्या तोंडून विचारले जाऊन कार्यवृत्तात नोंदवले जातील असे पाहावे.