गेलेल्या माणसाची जागा

आज पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्यातल्या अनेकांची घरं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून तापीकाठच्या रेल्वेमार्गानं सुरतेतल्या उधन्यात येऊन वसली. आता तुमच्या हातात मोबाईलचा कॅमेरा आहे आणि लघुपट करायची उमेद आहे. गेलेला माणूस घरात परत येतो, ही कल्पना तुमच्या वयात फार खुणावते. आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे, कारण भुताच्या नादात त्या गोष्टीतलं दुःख हातचं निसटतं.

दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच गुजरातेत छायाचित्रकार होते. गोध्र्यात त्यांनी व्यवसाय मांडला आणि १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले. तिथे आवई उठली, की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. त्याच फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या कथेत तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन स्मशानात येते आणि अखेर तिचं लेकरू जिवंत होतं. रोहिदास झाला होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ज्या यंत्रावर जीव घेतल्याचा आळ आला होता, त्याच यंत्रासाठी आपल्या पहिल्या चित्रपटकारानं ही कथा निवडली. आपल्या सिनेमाला शोक नवा नाही.

उमेश कुलकर्णी यांचा २००९ चा ‘विहीर’ हा चित्रपट जरूर पाहा. नचिकेत विहिरीत बुडून जातो आणि त्याचा जिवाभावाचा भाऊ समीर त्याला शोधत राहतो. प्रेक्षकाला दचकवण्याचा खटाटोप त्यात नाही. मागे राहिलेल्या पोराच्या डोळ्यांतून दिग्दर्शक मृत्यूकडे बघतो, म्हणूनच नचिकेत शेवटपर्यंत आपल्याजवळ राहतो.

आता उधन्यातली एक खोली डोळ्यांसमोर आणा. घरचा कर्ता लूमच्या खात्यात रातपाळी करायचा. तो दिवसा झोपायचा, म्हणून दुपारी खिडकीवर चादर अडकवलेली असायची आणि पोरं चवड्यांवर चालायची. यंत्रांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून बायको ताट वाढलं की मोठ्यानं हाक मारायची. तो गेला, त्याला सहा महिने झाले. दुपार झाली की ती अजूनही चादर अडकवते. पोरं अजूनही चवड्यांवर चालतात. जेवायला बसताना तिचा आवाज आपोआप चढतो, आणि त्या एवढ्याशा खोलीत तेवढ्या मोठ्या आवाजाची गरज असलेलं आता कुणी नसतं.

तुमचा लघुपट इथे आहे. मेलेल्याचा आत्मा दाखवायला धूर नको, पांढरी साडी नको, ढणाणा संगीत नको. त्याच्यासाठी लागलेल्या सवयी तो गेल्यावरही त्या घरात राहतात. कॅमेरा चादरीवर ठेवा आणि घाई करू नका. शेजारच्या खात्याचा आवाज ध्वनिपट्टीवर येऊ द्या, कारण त्या घरातलं दुःख त्या आवाजातच वाढलं आहे. तो पुसून टाकलात, तर उधना पुसलं जाईल.

गेलेल्याला घरात अशी जागा देण्याचं कौशल्य आपल्या खानदेशी घरांना उपजत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांच्या नावानं घागर भरतो, तिच्यावर डांगर ठेवतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. त्याच सणाला माहेरी आलेल्या लेकी झोके घेत गाणी म्हणतात. गेलेल्यांची आठवण आणि जिवंतांचा आनंद, दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी. गेलेल्याला आपण घरातून हाकलत नाही. सणाला बोलावतो, पोटभर जेवू घालतो आणि पुन्हा कामाला लागतो. तुमच्या लघुपटाचा शेवट कसा करायचा, हे तुम्ही तुमच्या आजीकडून शिकलेले आहात. उधन्याच्या खोलीतली ती बाई एखाद्या दुपारी चादर काढील किंवा काढणारही नाही. तो निर्णय तिचा असू द्या, तुमच्या कथानकाच्या सोयीचा नको.

एक जबाबदारी मात्र विसरू नका. शोक ज्याचा, गोष्टही त्याची. कुणाच्या घरातलं दुःख चित्रित करायचं असेल, तर आधी त्या घरच्यांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं, तर तिथेच थांबा. हो म्हटलं, तर तयार लघुपट स्पर्धेला पाठवण्याआधी त्यांना दाखवा आणि त्यांना खटकलेलं दृश्य कापा. त्यांचा विश्वास हेच तुमचं पहिलं पारितोषिक.

या शहराचं कापड देशभर जातं, पण ते विणता विणता ज्यांचं आयुष्य सरलं, त्यांच्या घरांची चित्रं फार थोडी निघाली आहेत. ती काढायला बाहेरून कुणी येईल, अशी वाट पाहू नका. या गल्ल्यांची भाषा तुम्हाला येते, या घरांची दारं तुम्हाला उघडी आहेत, आणि आजपासून तुमच्याकडे पदवीही आहे. कामाला लागा. माझे आशीर्वाद तुमच्या पाठीशी आहेत.